बदलापूर पाहिला, पण रघूच्या बाजूनं मन जाईना. तुम्हाला काय वाटलं?

शिलाईवाली, दारव्हा तालुका

'बदलापूर' ज्यांनी लक्ष देऊन पाहिला असेल त्यांना एक विचारायचं आहे. लायकनं शेवटी न केलेले खून स्वतःच्या अंगावर का घेतले? ज्यांचा पाहायचा राहिला असेल त्यांनी इथूनच परत फिरा, पुढं सगळा शेवट येणार आहे.

सिनेमा २०१५ चा, म्हणजे नवा नाही. दिग्दर्शक श्रीराम राघवन, वरुण धवन झाला रघू आणि नवाजुद्दीन सिद्दीकी झाला लायक. मी सिनेमे पाहते ते ब्लाउजला हूक लावता लावता, तुरपाई करता करता. मोबाइल मशीनला टेकवून ठेवायचा, कान तिकडं आणि डोळे सुईवर. या सिनेमाला मात्र हातातलं काम खाली ठेवावं लागलं.

सुरुवातच अशी आहे की काही होतच नाही. कॅमेरा एका जागी उभा. पुण्यातला रस्ता, येणारी जाणारी माणसं, गाड्या, रोजचं चाललंय ते. मला वाटलं नेट अडकलं. आणि मग त्याच रस्त्यावर बँक लुटून दोघं पळत येतात आणि एका बाईच्या गाडीत घुसतात. मिशा तिचं नाव, सोबत तिचं लहान लेकरू. पुढच्या काही मिनिटांत लेकरू चालत्या गाडीतून पडतं आणि मिशाला गोळी लागते. ना आधी ढॅणढॅण संगीत, ना कोणाचा भेसूर चेहरा. भर दिवसा, लोकांच्या डोळ्यांसमोर एका माणसाचा संसार संपतो. तो माणूस म्हणजे रघू.

इथपर्यंत मी पूर्ण रघूची होते. लायक पकडला जातो, साथीदाराचं नाव सांगत नाही, गोळी त्यानं मारली, मी नाही, हेच म्हणत राहतो. २० वर्षांची शिक्षा होते. रघू सगळं सोडून बदलापुरात जाऊन एकटा राहतो आणि १५ वर्षं वाट पाहतो. मग लायकला पोटाचा कॅन्सर निघतो. शोभा नावाची बाई कैद्यांसाठी काम करते, ती रघूकडं येते की मरणाऱ्या माणसावर दया करा, त्याला सुटू द्या. आधी नाही म्हणणारा रघू पुढं तयार होतो, पण दयेनं नाही. त्याला साथीदारापर्यंत पोचायचं असतं.

माझं मन कुठं फिरलं ते सांगते. झिमलीपाशी. लायकची मैत्रीण, धंदा करणारी बाई. लायकवरचा राग रघू तिच्यावर काढतो, तिच्यावर जबरदस्ती करतो. मग साथीदार हरमनची बायको कांचन. तिला खोलीत नेऊन तिचा पाणउतारा करतो आणि नवऱ्याला दाराबाहेर तडफडत ठेवतो. त्यानंतर दोघांनाही हातोड्यानं मारतो. शोभालाही स्वतःच्या कामापुरतं वापरून घेतो. मला सांगा, दरोड्यात झिमली होती का? कांचन होती का? हिशोब दोन पुरुषांशी होता ना? मग वसुली बायांकडून का?

सासूबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या सिनेमात कधी पडत नाहीत. कांचनचं पाहून त्यांनी टोपली बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "ज्यानं पाप केलं तो हासते, रडते, मायजवळ जाते. अन् ज्याचं लेकरू गेलं तो दगडासारखा पाहून रायला. आता याची भीती वाटते व बाई मले." मला जे दोन तास कळत नव्हतं ते त्यांनी एका दमात सांगितलं.

आणि मग तो शेवट. पोलीस रघूपर्यंत पोचणार, असं दिसत असताना लायक जाऊन सांगतो की हरमन आणि कांचनला मी मारलं. पुन्हा तुरुंगात जातो आणि तिथंच मरतो.

आमचे हे म्हणतात, "त्याले मरायचंच होतं, त्याचं काय जात होतं?" मला हे पटत नाही. त्याचं सगळंच जात होतं. १५ वर्षं जो माणूस फक्त बाहेर येण्यासाठी तडफडला, त्याला उरलेले थोडे महिने आईजवळ, झिमलीजवळ काढता आले असते. निरोगी माणसाचं आयुष्य लांब असतं, त्याला काही महिने म्हणजे काही नाही. लायकजवळ तेवढेच होते आणि तेच त्यानं देऊन टाकले. तेही कोणासाठी, तर जो त्याच्या जिवावर उठला होता त्याच्यासाठी.

मग हा माणूस चांगला म्हणायचा का? दोन जीव घेतलेला माणूस चांगला कसा म्हणायचा? आणि ज्याच्यावर एवढा अन्याय झाला त्या रघूचा मला राग का येतो? सिनेमा काहीच सांगत नाही, नुसता आपल्यासमोर ठेवून निघून जातो. मला सिनेमा आवडला, पुन्हा पाहीन सुद्धा. पण कोणीतरी यावर बोलावं असं फार वाटलं. आमच्याकडं विषय काढला की सगळे म्हणतात पिक्चर आहे, सोड.

---

वरुडकर

ताई, सोडू नका. चांगला प्रश्न आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी लायक आणि रघू समोरासमोर येतात तिथं दिसलं. लायक त्याला म्हणतो त्याचा अर्थ असा की माझ्याकडून झालं ते घाबरगुंडीत, डोकं तापलेलं असताना. तू मात्र थंड डोक्यानं, ठरवून केलंस. तिथं नवाजचा चेहरा पाहा. तो टोमणा मारत नाही. त्याला खरंच नवल वाटतं की असा सभ्य, शिकलेला, नोकरीवाला माणूस आपल्याही पुढं गेला. मला वाटते त्याच क्षणी त्याला रघूची कीव आली. आपण एका गोळीनं या माणसाचं काय करून ठेवलं, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. तोपर्यंत तो फक्त स्वतःच्या शिक्षेचा विचार करत होता.

मधला भाग थोडा रेंगाळतो हे माझं मत. बाकी सिनेमा एक नंबर. आमच्याकडं संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत बागेत राखणीला थांबावं लागते, तिथं पाहिला होता. रात्री एकट्यानं पाहू नये असा आहे.

---

झाडीपट्टीचा नट, ब्रह्मपुरी

ताई, मी नाटकात काम करणारा माणूस आहे, त्यामुळं थोडं लांबेल.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होते आणि होळीपर्यंत चालते. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथून गावोगावची मंडळं नाटक ठरवून नेतात. कुठं मंडई म्हणजे गावची जत्रा असते, कुठं शंकरपट असते, दिवसभर बैल धावतात आणि रात्री नाटक. पडदा उघडते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात आणि लोक घरी जातात तेव्हा कोंबडा आरवलेला असते. मी बहुतेक खलनायकच करतो. आवाज जड आहे, उंची आहे, म्हणून तेच वाट्याला येते.

खलनायक कसा उभा करायचा याचे आमचे ठरलेले संकेत आहेत. पहिल्या प्रवेशातच ऑर्गनवाल्यानं तसा सूर धरायचा, मी विंगेतून येताना पाय आपटायचा, मिशीला हात घालायचा, आणि पहिल्याच वाक्यात कोणाचं तरी शेत किंवा कोणाची तरी लेक मागायची. मागं शेवटच्या ओळीत शेकोटीजवळ बसलेल्या म्हाताऱ्याला पण कळलं पाहिजे की हा वाईट. मी यात कमीपणा मानत नाही. हजारो लोक उघड्यावर बसलेले असतात, चेहऱ्यावरची बारीक रेघ कोणाला दिसणार? प्रयोग संपल्यावर बाया मला शिव्या देतात तेव्हा मला बिदागी मिळाल्यासारखं वाटते.

हे सगळं सांगायचं कारण असं की 'बदलापूर'मध्ये ते संकेत मुद्दाम उलटे ठेवले आहेत. हसवते कोण? लायक. आईशी भांडते, बाईवर जीव लावते, मार खाते, ते सगळं लायक. आणि गप्प, दाढी वाढवलेला, डोळ्यांत काही न दिसणारा कोण? रघू. कान आणि डोळे खलनायक म्हणून रघूला धरतात आणि डोकं म्हणते नाही, याचं तर लेकरू मेलं. तुम्हाला रघूचा राग येते त्यात तुमचं काही चुकत नाही. दिग्दर्शकानं तसंच बांधलं आहे.

नवाजचं काम मी नटाच्या डोळ्यानं पाहिलं. तो कुठंच वाईट माणूस करायला जात नाही. प्रत्येक प्रवेशात त्याला काहीतरी हवं असते आणि तो तेवढंच करते. भूक लागली तर खायला हवं, पैसा हवा, बाई हवी, बाहेर पडायला हवं. हवं असणारा माणूस नेहमी जिवंत वाटते. रघूला एकच गोष्ट हवी आहे आणि ती मिळाल्यावर त्याच्या हातात काहीच उरत नाही. वरुण धवननं ते रिकामेपण धरून ठेवलं, त्या वयाच्या आणि नाचगाण्यातल्या नटाला ते सोपं नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी असं पाहतो: लायकनं जो खून केला, त्याची गोळी तो कोर्टात आणि तुरुंगात साथीदाराच्या नावावर टाकत राहिला. आणि जो खून त्यानं केला नाही तो सरळ कबूल केला. खऱ्या गुन्ह्याची कबुली त्याला खोट्या गुन्ह्यातून द्यावी लागली. मिशाच्या मरणाची माफी रघूकडं मागायला त्याच्याजवळ तोंड नव्हतं, दुसरा रस्ता सापडला तो हा. मला असा प्रवेश एकदा तरी करायला मिळाला पाहिजे. आमच्या नाटकात खलनायक शेवटी पाया पडते किंवा मरते, तिसरं काही नाही.

---

शिलाईवाली, दारव्हा तालुका

नटदादा, खोटी कबुली म्हणजेच खरी कबुली, हे वाचून मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण मोबाइल मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचलं.

वरुडकर भाऊ, थंड डोक्याचं तुमचं बरोबर आहे. मला तो प्रवेश आठवतो, पण लायक स्वतःला सोडवायला बोलतो असं तेव्हा वाटलं होतं. पुन्हा पाहते.

---

पुसदचा मुन्शी

मी वकिलाकडं मुन्शी आहे, कागदपत्रं आणि तारखा सांभाळतो. कायद्याच्या बाजूनं दोनतीन गोष्टी सांगतो, कारण यातल्या एका गोष्टीनं मला हा सिनेमा जास्त आवडला.

पहिली गोष्ट, गोळी मी नाही, साथीदारानं मारली, हा लायकचा बचाव. भारतीय दंड विधानाच्या कलम ३४ प्रमाणे दोघांचा इरादा सारखा असेल तर एकानं केलेलं दोघांच्याही डोक्यावर येते. बंदूक घेऊन बँक लुटायला गेलेल्या माणसाला गोळी कोणी झाडली हे सांगून फार सुटका नसते. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम ३ च्या पाचव्या पोटकलमात आहे. म्हणजे ते खोटं बोलून लायकला कायद्यात फारसा फायदा नव्हता. मग का बोलत राहिला? मला वाटते स्वतःला सांगायला. नटभाऊंच्या बोलण्याला त्यानं जोरच येते.

दुसरी, रघूची संमती. सिनेमात असं वाटते की रघू हो म्हणाला तरच लायक सुटेल. प्रत्यक्षात शिक्षा कमी करायचा अधिकार राज्य सरकारचा असते, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ खाली होता. ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशाचं मत मागवता येते. मयताच्या घरच्यांची सही असल्याशिवाय सुटकाच नाही, असं त्या कलमात नाही. कथेसाठी त्यांनी ते रघूच्या हातात दिलं आणि ते योग्यच केलं, नाहीतर रघूला निवड करायची वेळच आली नसती.

तिसरी, लायकची कबुली. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, २०२४ पर्यंतच्या जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, नव्या कायद्यातही नियम तोच. मॅजिस्ट्रेटसमोर, समजून उमजून, स्वखुशीनं दिला तरच त्याला वजन. त्यावरही कोर्ट इतर पुराव्याशी ताडून पाहते. हत्यार कुठं, रक्ताचे डाग कुणाच्या कपड्यावर. खऱ्या खटल्यात लायकला एवढ्या सहज गुन्हा ओढून घेता आला नसता. पण मरणाऱ्या आरोपीचा खटला किती चालणार? तो निकालाआधीच गेला की प्रकरण तिथंच बंद. दिग्दर्शकानं ते दाखवत बसायचं टाळलं.

आता जी गोष्ट मला जास्त आवडली ती. तापलेलं डोकं आणि थंड डोकं, हा फरक लायकच्या तोंडी घातला आहे, पण तो आपल्या फौजदारी कायद्याच्या मुळाशी आहे. गंभीर आणि अचानक डिवचल्यामुळं ताबा सुटून हातून मरण घडलं तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरता येते. अट अशी की मध्ये डोकं थंड व्हायला वेळ मिळालेला नसावा. नानावटी खटल्यात, म्हणजे नेव्हीच्या अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळी घातली त्या खटल्यात, सुप्रीम कोर्टानं १९६१ साली हाच मुद्दा पाहिला. बायकोनं त्या संबंधाचं सांगितल्यापासून गोळी झाडेपर्यंत साधारण ३ तास गेले होते. कोर्ट म्हणालं एवढ्या वेळात माणूस भानावर येते, तेव्हा हा खूनच. नेव्हीच्या त्या अधिकाऱ्याला ३ तास जास्त झाले. रघूकडं १५ वर्षं होती.

अर्थात लायकलाही ही सवलत मिळणार नाही. दरोडा टाकणाऱ्याला कोणी डिवचलेलं नसते. तो स्वतःबद्दल बोलते ते कायद्यात बसत नाही, पण रघूबद्दल बोलते ते तंतोतंत बसते.

---

धुऱ्यावरचा

मी लिहीन की नाही ठरत नव्हतं. सगळे लायकबद्दल बोलून राहिले म्हणून लिहितो.

माह्या मोठ्या भावाले धुऱ्याच्या भांडणात मारलं. शेजारच्या शेतवाल्यानं, बैलगाडीची उभारी डोक्यात घालून. पेरणीचे दिवस होते, वखराचा एक फेर इकडं सरकला एवढंच कारण. केस चालली, शिक्षा झाली. तो आता मधात मधात पॅरोलवर येते. पानठेल्यावर उभा राहते, लोक त्याच्याशी बोलतात, खर्रा घोटून देतात. मी तिथून गाडी काढतो तेव्हा मान वर करत नाही. मान वर केली तर काय होईन मले माहीत हाय.

म्हणून सांगतो, रघूचं १५ वर्षं बसून राहणं मले खोटं वाटलं नाही. तुमाले तो दगड वाटला, ताई. दगड व्हावं लागते. रोज रडणारा माणूस जगत नाही.

पण सिनेमात एक गोष्ट मले पटली नाही, ते कोणीच बोललं नाही. रघूले बदला घ्यायले एकदम मोकळं ठेवलं. दुसरं लेकरू नाही, वावर नाही, पतसंस्थेचा हप्ता नाही, कोणाचं लग्न करायचं नाही. आमच्याकडं असा मोकळा माणूस भेटत नाही. भाऊ गेला तेव्हा त्याची पोरगी अंगणवाडीत होती. तिची फी, वहिनीच्या नावावर सात-बारा करायचे हेलपाटे, सोयाबीनले भाव नाही, बाबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी त्या माणसाले मारलं असतं तर हे सगळं कोणी केलं असतं? मी चांगला हाव म्हणून थांबलो असं नाही. मागं एवढी माणसं धरून होती म्हणून थांबलो. रघूच्या मागं एक जरी माणूस धरून ठेवणारा दाखवला असता तर ही गोष्ट इथं आलीच नसती.

दुसरं, लायक. तुमी सगळ्यांनी त्याले माफ करून टाकलं असं वाटून रायलं. एक चांगलं काम केलं म्हणून मिशा परत येते का? ते लेकरू परत येते का? त्या दोघांले सिनेमात किती वेळ भेटला ते पाहा. सुरुवातीले थोडा आणि रघूच्या आठवणीत थोडा. हासवायचं, रडवायचं, सगळं लायकच्या वाट्याले. नवाज लय भारी नट हाय, मान्य. पण तो भारी हाय म्हणून मेलेली माणसं मागं पडली. खऱ्या जगात बी असंच होते. मारणारा जिवंत असते, बोलते, पॅरोलवर येते, त्याची तब्येत बिघडली तर लोक हळहळतात. मेलेला काई बोलत नाही.

माह्या भावाले दादा कोंडक्यांचे पिक्चर आवडत. एवढं तरी इथं लिहून ठेवतो.

---

शिलाईवाली, दारव्हा तालुका

दादा, तुमचं वाचलं. दुपारी वाचलं आणि उत्तर आता रात्री लिहिते आहे, कारण मधल्या वेळात काय लिहावं सुचत नव्हतं.

मिशाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी एवढं लांबलचक लिहिलं आणि त्यात तिच्याबद्दल दोन ओळी, तिच्या लेकराचं तर नावही लिहिलं नाही. रॉबिन नाव आहे त्याचं. मी झिमली आणि कांचनसाठी भांडत होते, आणि ज्या बाईपासून सगळं सुरू झालं ती माझ्याही लक्षातून गेली. तुमच्या भावाचं आणि वहिनीचं ऐकून फार वाईट वाटलं. ती पोरगी आता मोठी झाली असेल. तिला काकांनी वाढवलं हे कळत असेल तिला.

लायकला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही, नटदादांचाही नाही. पण तो शेवटी जे करतो त्यानं रघूचं काय झालं हे मला अजून छळतं. रघूला शिक्षा झाली असती तर तो म्हणू शकला असता की माझा हिशोब मी चुकता केला, आता सरकारनं माझा करावा. लायकनं तीही सोय ठेवली नाही. ज्याचा सर्वात जास्त तिरस्कार केला त्याच्या उपकारावर आता जन्म काढायचा. यापेक्षा मोठी शिक्षा कोर्ट देऊ शकलं असतं असं मला वाटत नाही. लायकनं हे दयेनं केलं की उट्टं काढायला केलं, मुन्शीकाका, हे कोणत्या कलमात बसेल? मला दोन्ही बाजू दिसतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात.

बायांच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावरून हलत नाही. शेवटी लायकबद्दलचा निरोप घेऊन रघूकडं कोण येतं? झिमली. त्यानं तुला जगायची आणखी एक संधी दिली, हे तिनं त्याला सांगायचं. ज्या माणसानं आपल्यावर जबरदस्ती केली त्याच्यासमोर उभं राहून दुसऱ्या पुरुषाच्या मोठेपणाची गोष्ट सांगायची. तिचं स्वतःचं काय? तिला त्याला काही विचारायचं नव्हतं का? हुमा कुरेशीनं काम इतकं चांगलं केलं आहे की तिच्या डोळ्यांत ते सगळं दिसतं, पण लिहिणाऱ्यानं तिच्या तोंडी घातलं नाही. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या बाया घरातलं काय काय सांगतात. नवऱ्याच्या भांडणात, दिराच्या भांडणात, जावेच्या कर्जात, शेवटी मार कुठं बसतो ते मला त्यांच्या मापावरून कळतं. दंडावर टेप धरला की बाई हात मागं घेते. ती काही बोलत नाही, मीही बाही सैल ठेवते. सिनेमात ते दाखवलं म्हणून माझी तक्रार नाही, दाखवायलाच हवं. पण दाखवून झाल्यावर तिला विसरू नये.

एवढं असूनही मी हा सिनेमा चांगलाच म्हणते. वाईट सिनेमावर एवढं बोलणं झालं नसतं.

याच दिग्दर्शकाचा 'अंधाधुन' खूप जणांनी सांगितला आहे. त्यातही बायांचं असंच असेल तर आधीच सांगा, म्हणजे सासूबाई झोपल्यावर लावीन.

---

झाडीपट्टीचा नट, ब्रह्मपुरी

झिमलीच्या त्या प्रवेशाचं मी नटाच्या बाजूनं एवढा विचार करूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या लेखकाला सांगतो, नवीन नाटकाची संहिता अजून पक्की व्हायची आहे आणि त्यात अशीच एक बाई निरोप घेऊन येते.

धुऱ्यावरच्या भाऊंना नमस्कार.

'अंधाधुन' २०१८ चा आहे, तोही पुण्यातच घडते. त्यात तब्बू आहे आणि ती कोणाचा मार खाऊन गप्प बसणारी नाही, उलट तिचीच सगळ्यांना धास्ती. आयुष्मान खुराना आंधळा पियानोवाला, आणि त्याचं किती खरं मानायचं ते तुम्हीच ठरवा. त्या कामासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सासूबाईंना जागं ठेवा ताई, त्या काय म्हणतात ते ऐकायचं आहे.

---

वरुडकर

'अंधाधुन'चा शेवट कोणी इथं लिहू नका रे बाप्पा. ताईंचं पाहून झालं की नवीन धागा काढू.